टॅपेट वाजतोय : कॅम काढून टाकलेलं इंजिन गाडीत अजून का आलं नाही?

सायनच्या सिग्नलवर शेजारी एखादी जुनी टॅक्सी येऊन उभी राहते आणि तिच्या बॉनेटखालून टिक-टिक-टिक असा एकसारखा आवाज येत असतो. मागच्या सीटवरच्या माणसाला तो जाणवतही नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा कुठलाही मेकॅनिक मात्र बॉनेट न उघडता सांगेल, ‘टॅपेट वाजतोय.’ टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा. मग इंजिनाच्या माथ्याचं, म्हणजे हेडचं, कव्हर निघतं, फीलर गेजची पातळ पट्टी फटीत जाते, फट वाढलेली निघते, ती पुन्हा मापात आणली जाते आणि आवाज बंद होतो.

ही टिकटिक नेमकी कशाची हे कळलं, तर कॅमलेस, म्हणजे कॅमच नसलेल्या, इंजिनाची निम्मी गोष्ट कळलीच म्हणून समजा. कारण व्हॉल्व्ह कॅमशिवाय उघडायचे कसे, हा प्रश्न इंजिनिअरांना कधीच फार छळत नव्हता. व्हॉल्व्ह आवाज न करता बंद कसा करायचा, हे खरं दुखणं आहे.

कॅम काय काय करतो

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरवर हवा आत घेणारे (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह असतात. आजच्या बहुतेक गाड्यांत एका सिलिंडरला चार, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सोळा. मजबूत स्प्रिंग त्यांना कायम बंद धरून ठेवते. कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा, म्हणजेच कॅम, फिरत येतो, स्प्रिंगच्या विरोधात व्हॉल्व्ह 8 ते 10 मिलिमीटर खाली दाबतो आणि पुढे निघून जातो. पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना बांधणारी चेन किंवा बेल्ट तुटली तर काय होतं, हे ज्यांनी वाकलेल्या व्हॉल्व्हचं बिल भरलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कॅमच्या आकारात एक बारीक करामत दडलेली असते. उंचवटा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे एक हलकासा उतार घासून ठेवलेला असतो. त्याची उंची मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी. या उताराला रॅम्प म्हणतात. मधल्या टप्प्यात व्हॉल्व्ह कितीही जोरात पळत असला, तरी शेवटच्या या तुकड्यावर तो मंद होतो आणि सीटवर, म्हणजे बंद होताना टेकायच्या कडीवर, अलगद टेकतो. टॅपेटची फट याच रॅम्पच्या हिशेबाने ठरवलेली असते, साधारण 0.15 ते 0.30 मिलिमीटर. ती वाढून दुप्पट झाली, की रॅम्प सुरू व्हायच्या आधीच, म्हणजे वेग अजून बराच असतानाच, व्हॉल्व्ह सीटवर आदळतो. उघडतानाही कॅम टॅपेटला हळूच न लागता ठोसा मारतो. सिग्नलवर ऐकू येते ती हीच आदळआपट.

जाता जाता सीएनजीवाल्यांसाठी एक गोष्ट. टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत-आत सरकतो आणि फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. आवाज येत नाही, पण शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मग कॉम्प्रेशन गळतं, गाडी सकाळी मिस मारते आणि एके दिवशी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा जळून जाते. म्हणून अशा गाडीची फट आवाज येवो न येवो, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर मोजायचीच.

मग एवढं चांगलं चाललेलं काढायचं कशाला?

कारण कॅमचा आकार एकदा घासला की घासला. सायनच्या सिग्नलवर 800 आरपीएमला आणि एक्सप्रेस वेवर 4000 आरपीएमला व्हॉल्व्ह कधी उघडावा, किती उघडावा, कधी मिटावा याची उत्तरं वेगवेगळी आहेत. कॅमला एकच उत्तर येतं, आणि ते कुठेतरी मधलं असतं.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पेट्रोल गाडीच्या थ्रॉटलमध्ये. इंजिनाला कमी ताकद लावायची असेल तेव्हा हवा कमी द्यावी लागते आणि त्यासाठी हवेच्या वाटेत एक गोल झडप तिरपी करून वाट अरुंद केली जाते. बारीक नळीने घट्ट फालुदा ओढताना गालांना जे कष्ट पडतात, तेच इथे पिस्टनला पडतात. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असेल तेव्हा, झडपेच्या पलीकडचा हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरलेला असतो. या ओढाताणीत जाणारं पेट्रोल गाडी पुढे न्यायला काहीच उपयोगी पडत नाही. त्याला पंपिंग लॉस म्हणतात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर तो जवळपास नसतोच. पण मुंबईत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायला जागा आहे कुठे? वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर संध्याकाळी सातला दहिसरकडे सरकणारी गाडी जवळजवळ सगळा वेळ याच वाईट अवस्थेत असते.

व्हॉल्व्ह आपल्या मर्जीने हलवता आला, तर थ्रॉटलची गरजच उरत नाही. इनटेक व्हॉल्व्ह बिनधास्त उघडायचा, पाहिजे तेवढी हवा आत आली की पिस्टन अजून खाली जात असतानाच तो मिटायचा. आत कोंडलेली हवा पुढे पिस्टनबरोबर ताणली जाते आणि पिस्टन वर येताना ती ताकद स्प्रिंगसारखी परत करते. ओढाताण संपली. शिवाय गरज नसेल तेव्हा दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंदच ठेवून ते झोपवता येतात. धुराचा थोडा भाग मुद्दाम आत ठेवून ज्वलनाचं तापमान उतरवता येतं. थंड इंजिन सुरू झाल्यावर गरम धूर लवकर सोडून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पटकन तापवता येतो. पन्नास वर्षं लोक या तंत्रज्ञानामागे आहेत ते काही हौसेखातर नाही.

मिलिसेकंदांचा हिशेब

6000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 100 फेऱ्या, एका फेरीला 10 मिलिसेकंद. इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या साधारण 240 अंशांपर्यंत उघडा असतो, म्हणजे इथे 6.7 मिलिसेकंद. तेवढ्यात त्याला बंदचा पूर्ण उघडा आणि पुन्हा पूर्ण बंद व्हायचं असतं. एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन मिलिसेकंदांत उरकावा लागतो.

व्हॉल्व्ह आणि त्याला हलवणारा लोखंडी तुकडा मिळून 100 ग्रॅम धरा, प्रवास 8 मिलिमीटर, वेळ 3.5 मिलिसेकंद. झोपाळ्यासारखी ये-जा मानली तर मध्यावर वेग येतो सेकंदाला सुमारे 3.6 मीटर. दोन्ही टोकांना लागणारं बल सुमारे 320 न्यूटन, म्हणजे 32-33 किलोचं वजन. 100 ग्रॅमच्या वस्तूवर! आणि मध्यावर 3.6 मीटरने धावणाऱ्या या वस्तूचा सीटवर टेकतानाचा वेग आयडलिंगला 0.1 मीटरच्या आत हवा. चर्चगेटला शिरणारी लोकल जशी बफरच्या आधी थांबते, तसं इथे चालत नाही. इथे बफरला टेकलंच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्ह गळतो. फक्त धडकायचं नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे 0.1 ऐवजी 0.5 मीटरने टेकला तर ठोका पंचवीसपट.

आणि हे किती वेळा करायचं? गाडी दीड लाख किलोमीटर चालली, मुंबईच्या ताशी 25 किलोमीटर सरासरीने. झाले 6000 तास. इंजिन सरासरी 1500 आरपीएमला फिरलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह 27 कोटी वेळा उघडतो आणि मिटतो. कॅम हे 27 कोटी वेळा त्याच त्याच उतारावरून करून दाखवतो. त्याला सेन्सर लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त तेल लागतं.

लोहचुंबकाची वाट

विजेवर चालणाऱ्या कॅमलेस व्हॉल्व्हची सर्वाधिक अभ्यासलेली रचना जर्मनीत आखेनला फ्रान्झ पिशिंगर यांच्या भोवतीच्या मंडळींनी 1980 च्या दशकात पुढे आणली. कल्पना देखणी आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावर लोखंडाची चकती. तिच्या वर एक विद्युतचुंबक, खाली दुसरा. दोन स्प्रिंगा चकतीला दोन्ही बाजूंनी मध्याकडे ढकलत असतात. वरच्या चुंबकाने चकती धरली की व्हॉल्व्ह बंद. त्याचा प्रवाह तोडला की स्प्रिंग तिला खाली भिरकावते, ती मध्य ओलांडून खालच्या चुंबकाजवळ पोचते आणि तो तिला झेलतो. व्हॉल्व्ह उघडा. जवळजवळ सगळी मेहनत स्प्रिंगच करते, चुंबकाने फक्त घर्षणात गेलेलं भरून काढायचं आणि धरून ठेवायचं.

अडचण चुंबकाच्या स्वभावातच आहे. मधली फट जास्त असताना त्याची ओढ अगदी कमी आणि फट मिटत आली की ती एकदम उसळते. फट निम्मी झाली की ओढ ढोबळमानाने चौपट. म्हणजे जिथे जोर हवा तिथे तो नसतो आणि जिथे अलगद टेकायचं तिथे चुंबक हिसडा मारतो. शेवटच्या एका मिलिमीटरमध्ये, अर्ध्या-एक मिलिसेकंदात, प्रवाह मोजून कमी करावा लागतो. थोडा जास्त कमी केला तर चकती पोचतच नाही आणि मध्याकडे परत जाते. म्हणजे तो व्हॉल्व्ह त्या फेरीत हुकला. पुरेसा कमी केला नाही तर टिक. सोळा व्हॉल्व्हची टिकटिक म्हणजे नवीकोरी गाडी शोरूममधूनच टॅपेट वाजवत बाहेर पडणार.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कथा आणखी अवघड. तो उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून दाब शिल्लक असतो. 28 मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हवर 5 बार दाब म्हणजे 300 न्यूटनच्या वर. वर हिशेब केलेल्या स्प्रिंगच्या बलाएवढाच विरोध! आणि हा दाब दर फेरीला थोडा बदलतो, कारण ज्वलन कधीच तंतोतंत सारखं होत नाही. त्यामुळे मागच्या फेरीत बरोबर ठरलेला प्रवाह या फेरीत चुकीचा ठरू शकतो.

इथे आणखी तीन गोष्टी नडतात, आणि त्या जाहिरातीत कधी येत नाहीत.

इंजिन बंद असताना दोन्ही चुंबक मेलेले, म्हणून चकती मध्यावर, म्हणून सगळे व्हॉल्व्ह अर्धे उघडे. स्टार्टर फिरवला की पिस्टन त्यांच्यावर जाऊन आदळू नये म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खळगे कोरावे लागतात, आणि ते ज्वलनाला बाधक असतात. सुरू करण्याआधी प्रत्येक चकतीला झोपाळ्यासारखे हलके झोके देत देत वरच्या चुंबकापर्यंत न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, स्प्रिंगच्या झोक्याला लागणारा वेळ ठरलेला असतो. जायला 3.5 आणि यायला 3.5 मिळून 7 मिलिसेकंद. आयडलिंगला ते काहीच नाही, क्रँक तेवढ्यात 34 अंश फिरतो. 6000 ला मात्र 252 अंश फिरतो, म्हणजे व्हॉल्व्हला मिळणारा सगळा काळ ये-जा करण्यातच गेला. शिवाय झोका पूर्णच घ्यावा लागतो. 2 मिलिमीटरच उघड, असं या रचनेला सांगता येत नाही.

तिसरी, वीज. एका झोक्याला एक जूल खर्च धरला तर 6000 आरपीएमला सोळा व्हॉल्व्हचे सेकंदाला 1600 झोके, म्हणजे 1.6 किलोवॅट. 12 व्होल्टवर 130 अँपिअरच्या पुढे. छोट्या गाडीत वीज तयार करणारा सगळा अल्टरनेटरच 70-90 अँपिअरचा असतो. 1990 च्या दशकाच्या शेवटी गाड्यांसाठी 42 व्होल्टची नवी पद्धत आणायचं घाटत होतं आणि चुंबकी व्हॉल्व्हवाले तिच्याकडे डोळे लावून बसले होते. ती योजना बारगळली. फ्रान्सच्या व्हॅलिओने 2000 च्या दशकात 20 टक्के इंधनबचतीचा दावा करत चुंबकी पद्धत पुढे आणली, तीही विक्रीच्या गाडीपर्यंत पोचली नाही. कॅमच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. व्हॉल्व्ह दाबायला कॅमने जी ताकद खर्च केली, ती स्प्रिंग मिटताना कॅमला बरीचशी परत करते. फुकट चालणारी ही परतफेड विजेच्या पद्धतीला महागात जमवावी लागते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला कॅमलेस इंजिन हा आवडता विषय आहे. 100 सीसीचं जुनं बाईक इंजिन आणायचं, लॅमिंग्टन रोडवरून दोन 12 व्होल्टचे सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी वेटोळी) घ्यायचे, एक मायक्रोकंट्रोलर जोडायचा. हाताने फिरवलं की व्हॉल्व्ह सुंदर हलतात. प्रत्यक्ष इंजिन मात्र सुरू होत नाही, आणि का होत नाही ते आकडे मांडले की लगेच कळतं. बाजारातला साधा सोलेनॉइड ओढून घ्यायला 20 ते 50 मिलिसेकंद घेतो. 1200 आरपीएमला 240 अंश म्हणजे 33 मिलिसेकंद. व्हॉल्व्ह उघडेपर्यंत मिटायची वेळ टळून गेलेली असते.

करायचंच असेल तर हे असं करा. सोलेनॉइडला सुरुवातीचे दोन-तीन मिलिसेकंद 48 ते 60 व्होल्टचा झटका द्या आणि तो खेचला गेला की प्रवाह चौथ्या हिश्श्यावर आणून नुसता धरून ठेवा. नाहीतर वेटोळं जळेल. सोडताना साध्या डायोडवर भरवसा ठेवू नका. त्यातून प्रवाह रेंगाळत विझतो आणि व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. जास्त व्होल्टेजला उघडणारा झेनर क्लॅम्प लावलात तर प्रवाह पटकन मरतो, फक्त मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तेवढं व्होल्टेज सोसणारा घ्या. मूळची व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमसाठी बनवलेली असते, सोलेनॉइडला ती झेपत नाही. हलकी घ्यावी लागेल आणि मग आरपीएम कमीच ठेवावा लागेल. हेड बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती थापा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडे धरून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि जिथे व्हॉल्व्हने माती दाबली तिथली जाडी मोजा. 2 मिलिमीटरपेक्षा कमी निघाली तर हेडखाली जाड गॅस्केट घाला. कॉम्प्रेशन कमी होईल, होऊ द्या. प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवशी चूक होणारच, आणि त्या दिवशी व्हॉल्व्ह वाचला पाहिजे.

एक गंमत अशी, की कॅमशाफ्ट नसलेल्या इंजिनाला कॅम सेन्सरचीही गरज नसते. साध्या इंजिनात क्रँकच्या कुठल्या फेरीत कॉम्प्रेशन आणि कुठल्या फेरीत एक्झॉस्ट, हे कॅमवरून ओळखावं लागतं. इथे ते तुमचा प्रोग्रॅमच ठरवतो. क्रँकवरच्या दातेरी चाकाची खूण मिळाली की पुरे.

तेल, हवा आणि समुद्रावरची इंजिनं

कॅमलेस इंजिन कुठेच चालत नाही, असा समज होऊ नये. मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या किंवा न्हावा शेव्याला कंटेनर उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांपैकी अनेकांची मुख्य इंजिनं कॅमशाफ्टशिवायच चालतात. सुल्झर आरटी-फ्लेक्स जातीचं पहिलं इंजिन 2001 मध्ये ‘जिप्सम सेंटेनियल’ या जहाजावर कामाला लागलं. पाठोपाठ मॅन बी अँड डब्ल्यूची एमई मालिका आली. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला डोक्यावर एकच अवाढव्य एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो. 200 बारच्या आसपास दाबाचं तेल त्याला खाली ढकलून उघडतं आणि खाली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत वर नेते. तेल कधी सोडायचं ते संगणक ठरवतो.

इथे जमतं आणि गाडीत जमत नाही, असं का? जहाजाचं इंजिन 100 आरपीएमच्या आसपास फिरतं. एका फेरीला 600 मिलिसेकंद. व्हॉल्व्हला उघडं राहायला 200 मिलिसेकंदांहून जास्त मिळतात, गाडीच्या तीसपट. तेलाला पळायला, वळायला, मंद व्हायला सवड असते. टिकटिक ऐकायला कुणी बसलेलं नसतं, आणि इंजिनाची किंमतच एवढी असते की तेलाचे पंप आणि झडपा तीत खपून जातात. हळू चालताना इंधन आणि धूर दोन्ही कमी झाल्यावर मालकाचे पैसे वसूल होतात.

गाडीसाठी तेलाचा मार्ग फोर्डने 1990 च्या दशकात कसून तपासला. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे ताबा चांगला मिळतो, लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, कमी-जास्त करता येते. पण तेलाचा घट्टपणा तापमानाप्रमाणे बदलतो. थंड तेल सुस्त, गरम तेल पातळ, आणि मिलिसेकंदांच्या खेळात एवढा फरक पुरेसा असतो.

फियाटने 2009 मध्ये यातून व्यवहारी तडजोड काढली, मल्टीएअर. तिच्यात एक्झॉस्टचा कॅम तसाच राहिला. तोच कॅम इनटेकसाठी एका छोट्या पिस्टनला दाबतो, पिस्टन तेलाच्या स्तंभाला आणि तो स्तंभ इनटेक व्हॉल्व्हला. मध्ये एक सोलेनॉइड आहे. तो उघडला की तेल बाजूला निसटतं आणि कॅम कितीही दाबत राहिला तरी व्हॉल्व्ह मिटू लागतो. शेवटच्या टप्प्यात तेलाला बारीक वाटेने जावं लागतं, त्यामुळे व्हॉल्व्ह हळू टेकतो. रॅम्पचं काम इथे तेलाने केलं. आपल्याकडे ही रचना 2017 पासून रांजणगावच्या जीप कंपासच्या 1.4 लिटर पेट्रोल इंजिनात मिळत होती. अशा इंजिनात तेल हे वंगण असतंच, शिवाय ते यंत्राचा सुटा भागही असतं. सांगितलेला ग्रेड सोडून दुसरं तेल घातलं किंवा बदलायला उशीर केला, तर जाळीत गाळ अडकतो, तेलात हवा मिसळते, व्हॉल्व्ह कमी उघडतात आणि इंजिन थंड असताना मिस मारतं. तेल बदलून बघायच्या आधी महागडा सुटा भाग बदलायला कुणी सांगितलं तर जरा थांबा.

स्वीडनच्या कोनिगसेग या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीची जोडकंपनी फ्रीव्हॉल्व्ह पूर्ण कॅमलेसच्या सगळ्यात जवळ पोचली. तिच्यात हवेचा दाब व्हॉल्व्ह उघडतो, तेल त्याला धरून ठेवतं आणि टेकताना मंद करतं, वीज फक्त या दोघांच्या झडपा चालवते. ज्याला जे जमतं ते काम त्याला, ही वाटणी शहाणपणाची आहे. चीनच्या कोरोसने 2016 मध्ये हे तंत्र बसवलेलं 1.6 लिटरचं टर्बो इंजिन गाडीत घालून दाखवलं, 230 अश्वशक्तीचं. 2020 मध्ये कोनिगसेगने जेमेरा नावाच्या गाडीसाठी तीन सिलिंडरचं, दोन लिटरचं, जेमतेम 70 किलोचं इंजिन जाहीर केलं आणि ताकद सांगितली 600 अश्वशक्ती. त्यातली एक युक्ती कॅमला सहज जमणारी नाही. प्रत्येक सिलिंडरचे दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन वेगळ्या टर्बोंना जोडलेले. कमी आरपीएमला एकच व्हॉल्व्ह उघडायचा, सगळा धूर एकाच टर्बोवर, म्हणजे तो लगेच वेग घेतो.

ब्रिटनच्या कॅमकॉनने तर प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःची छोटी मोटार आणि स्वतःचा छोटा कॅम दिला आणि 2018 च्या सुमारास जॅग्वार लँड रोव्हरच्या इंजिनावर चालवून दाखवलं. याला कॅमलेस म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण हळू टेकायचं काम शेवटी पुन्हा कॅमच्याच आकारावर सोपवलं, यातच काय ते आलं. फॉर्म्युला वनमधली हवेची स्प्रिंग, जी रेनॉने 1986 मध्ये आणली, तिचा यात घोळ करू नका. तिथे फक्त लोखंडी स्प्रिंगच्या जागी कोंडलेला वायू आला, कॅम जागच्या जागीच राहिला.

कॅमवाले गप्प बसले नव्हते

कॅमलेसवाले प्रयोगशाळेत झगडत होते तेव्हा कॅमवाल्यांनी एकेक फायदा हळूच उचलला. होंडाच्या व्हीटेकने 1989 मध्ये एकाच शाफ्टवर दोन आकारांचे कॅम ठेवले, एक शहरासाठी, एक वेगासाठी. नंतर कॅमशाफ्टच क्रँकच्या तुलनेत मागे-पुढे फिरवणारे व्हीव्हीटी आले, जे आज आपल्या साध्या हॅचबॅकमध्येही असतात. बीएमडब्ल्यूच्या व्हॅल्वेट्रॉनिकने 2001 मध्ये मधल्या तरफेचा कोन बदलून लिफ्टच कमी-जास्त केली आणि थ्रॉटलचं रोजचं काम काढून घेतलं. ह्युंदाईने 2019 मध्ये व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील तेही बदलून दाखवलं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या आपल्याकडच्या 1.5 लिटर टीएसआय इंजिनात कॅमशाफ्टवर चढवलेल्या कॅमच्या नळ्या आडव्या सरकतात आणि मधले दोन सिलिंडर झोपतात.

यातल्या कशालाही कॅमलेसइतकं स्वातंत्र्य नाही. पण बहुतेकांचा भरवसा त्याच घासलेल्या रॅम्पवर आहे, म्हणून ते गुपचूप मिटतात, आणि बिघडलेच तर गाडी बहुधा थोडी मरगळते, थांबत नाही. पूर्ण कॅमलेस इंजिनात एक कनेक्टर सैल झाला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फक्त डिझायनरने ठेवलेली जागा उरते. सोलापुरातल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना जगभरच्या गाड्यांसाठी ओतीव कॅमशाफ्ट बनवतो. त्या एका ओतीव दांड्याच्या किमतीशी व्हॉल्व्ह हलवणारे सोळा ॲक्च्युएटर, सोळा सेन्सर आणि त्यांच्या वायरिंगला टक्कर द्यायची असते.

शेवटचा धक्का हायब्रिडने दिला. कॅमलेसचा मोठा फायदा कमी वेगात, रांगत्या ट्रॅफिकमध्ये. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तिथे बरेचदा पेट्रोल इंजिन बंदच असतं, मोटार गाडी हलवते. इंजिन चालू होतं तेव्हा ते त्याला सोयीच्या भारावर चालवलं जातं आणि इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवायचं, ॲटकिन्सन नावाच्या पद्धतीचं काम साधं व्हीव्हीटी करून टाकतं. इंजिनाला सगळ्या प्रकारचं काम करावंच लागत नसेल, तर सगळ्या प्रकारे हलणारे व्हॉल्व्ह द्यायचे कशाला? हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीमुळे चुंबकी व्हॉल्व्हची विजेची अडचण आज सुटली असती. पण ती सुटेपर्यंत त्यांची गरजच कमी झाली.

जेमेराचंही काहीसं असंच झालं. कोनिगसेगने 2023 मध्ये त्या गाडीला व्ही-8 इंजिनाचा पर्याय दिला, आणि जवळजवळ सगळ्या गिऱ्हाइकांनी तोच निवडल्यावर तीन सिलिंडरचं कॅमलेस इंजिन बाजूला ठेवावं लागलं. त्या व्ही-8 ला कॅमशाफ्ट आहेत.